दवाखान्यातून निघालेले शोध : डॉक्टर-संशोधकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला अनेक वर्षं मेडिकलच्या मुलांना पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवलं. निवृत्तीनंतर दर महिन्याला आमच्या लोकमान्यनगरात रुग्ण तपासता तपासता संशोधन करणाऱ्या डॉक्टरांवर मराठीत बोलते. नंतर आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात. तेच ते पुन्हा आल्यामुळे उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. ताई, डॉक्टर-संशोधक म्हणजे नक्की कोण? डॉक्टर झाल्यावर वर पीएच.डी. करावी लागते का?

लागतेच असं नाही. रुग्ण तपासताना एखादी गोष्ट खटकते. डॉक्टर तिची शिस्तीत नोंद ठेवतो, पडताळा घेतो आणि इतरांना तपासता येईल अशा रीतीने छापतो. माझ्या लेखी तो डॉक्टर-संशोधक. काहीजण प्रयोगशाळेत असतात, काही तालुक्याच्या दवाखान्यात.

पदवीच्या कागदावर फार जाऊ नका. येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला शिकत असताना खादीचा गाऊन घालून शस्त्रक्रियेला उभे राहत. वरिष्ठांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची एलएमएस पदवी हातात पडली. तेच पुढे अमेरिकेत गेले. हत्तीरोगावरचं डीईसी हे औषध आणि ज्यातून पुढे मेथोट्रेक्सेट आलं ते फॉलिक अ‍ॅसिडविरोधी औषधांचं काम त्यांच्या चमूचं. आज आपल्याकडे संधिवाताच्या किती रुग्णांच्या डबीत मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी असते ते बघा.

२. पाश्चर, हाफकिन, बाबा आमटे हे सगळे डॉक्टरच ना?

तिघांपैकी एकही नाही. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ, हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ आणि बाबा आमटे वकील. बाबांनी कुष्ठरोगाचं शिक्षण कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये घेतलं, पण ते वैद्यकीय पदवीधर नव्हते. यामुळे कुणाचंही मोठेपण कमी होत नाही. सार्वजनिक आरोग्य एकट्या डॉक्टरांच्या खांद्यावर कधीच उभं नव्हतं, आणि त्याचं इंदूरातलंच उदाहरण पुढच्या उत्तरात आहे.

३. हे सगळं मुंबई-कलकत्त्याचं. आपल्या इंदूरचा याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, म्हणून उत्तर लांब आहे.

आपल्याकडे १८७८ सालापासून वैद्यकीय शाळा होती. ती पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल झाली, आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज आलं. पण मला सांगायची आहे ती गोष्ट प्लेगची.

१८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्सांद्र येर्सां या डॉक्टरने प्लेगचा जंतू ओळखला. तरी तो उंदरातून माणसात जातो कसा, हे कळत नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच लष्करी डॉक्टर कराचीत होता. काही रुग्णांच्या पायावर त्याला बारीक फोड दिसले होते आणि त्यात प्लेगचे जंतू सापडले होते. तो चावा पिसूचा असावा असं त्याला वाटलं. मग त्याने काचेच्या मोठ्या बरणीत वाळू घातली आणि प्लेगच्या घरातून पकडलेला आजारी उंदीर आत सोडला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलात फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या पिसवाही त्यात टाकल्या. उंदीर मरायला टेकला तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर ठेवून तो पिंजरा वाळूच्या वर टांगला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. पाच दिवसांनी वरचा उंदीर प्लेगने मेला. एक बरणी, थोडी वाळू आणि जाळी एवढंच त्याचं साहित्य. तरी पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. मुंबईत १९०५ नंतर प्लेग कमिशनने तसेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले, तेव्हा कुठे ते मान्य झालं.

आता इंदूर. होळकर दरबाराने १९१७ मध्ये नगररचनेसाठी पॅट्रिक गेडीस यांना बोलावलं. तेही डॉक्टर नव्हते, जीवशास्त्रज्ञ होते. शहराला प्लेगची धास्ती होती. उंदीर आणि पिसवा हे मूळ आहे हे डॉक्टरांना कळून चुकलं होतं, पण गल्लीबोळांतल्या लोकांपर्यंत ते नेणार कसं? गेडीसनी एका दिवसापुरता कारभार हातात घेतला आणि दिवाळीला मिरवणूक काढली. ज्या भागातली घरं सगळ्यांत जास्त स्वच्छ होतील तिकडून मिरवणूक जाईल असं आधीच जाहीर केलं, आणि घराघरांत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुलांच्या माळा घालून चालले. आणि प्लेगचा राक्षसी उंदीर होता, अंगावर पिसवा थरथरताना दिसतील असा! शेवटी त्याचं दहन झालं. गेडीस यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ मध्ये छापून आला.

कराचीच्या बरणीतला शोध वीस वर्षांच्या आत इंदूरच्या रस्त्यावर कागद, बांबू आणि रंग लेवून फिरला. अहवाल वाचून जे झालं नसतं ते एका मिरवणुकीने केलं. राजवाड्याच्या गर्दीतून जाताना मला तो उंदीर नेहमी आठवतो.

४. हाफकिनची लस टोचून माणसं मेली होती, हे खरं का?

खरं, पण दोष लशीचा नव्हता. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना बाजूला केलं गेलं. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये त्यांना दोषमुक्त केलं. त्यांच्या बाजूने जाहीरपणे लिहिणाऱ्यांत प्रश्न ५ मधले डॉ. रोनाल्ड रॉस पुढे होते. १९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला हाफकिनचं नाव दिलं.

लशीबद्दल शंका आली की लोक ही घटना काढतात. त्यांना मी शेवटपर्यंत वाचायला सांगते.

५. मलेरियाचा शोध रॉसचा. मग तुम्ही दर वेळी हुसेन खानचं नाव का घेता?

कारण २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रॉसने ज्या डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, त्या डासाने हुसेन खानचं रक्त प्यायलं होतं. हुसेन खान मलेरियाचा रुग्ण. मच्छरदाणीत डास सोडून चावून घेण्याचे त्याला दर डासामागे एक आणा मिळाले. दहा डासांचे दहा आणे. रॉसने हे नोंदवून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं. पुढे कलकत्त्याला त्याने पक्ष्यांच्या मलेरियाचं पूर्ण चक्र उलगडलं, १९०२ मध्ये नोबेल मिळालं, आणि २० ऑगस्ट हा जागतिक मच्छर दिन झाला. शोधात रुग्णाचाही हिस्सा असतो. त्याच्या हक्कांचं पुढे प्रश्न १३ मध्ये आलं आहे.

६. मराठी डॉक्टरांपैकी कुणी खरोखर जागतिक दर्जाचं काम केलं आहे का?

एकाचंच सांगायचं तर डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, कोकणात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे लाल विंचू चावला की घरची माणसं धाय मोकलून रडत, कारण रुग्ण वाचेलच याची खात्री नसे. मंत्रतंत्र चालत. पुस्तकांत पुरेसं काही लिहिलेलं नव्हतं.

बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला काय होतं ते टिपलं. आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. रक्तदाब चढतो. मग हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि रुग्ण फेस काढत जातो. १९८२ मध्ये ही लक्षणं त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली. विषामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तर त्या सैल करणारं औषध द्यायला हवं, हा त्यांचा तर्क. आधी शिरेतून देण्याचं औषध वापरलं, नंतर प्राझोसिन. प्राझोसिन म्हणजे रक्तदाबाची स्वस्त गोळी, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येणारी. मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याजवळ आलं. विंचवाची प्रतिलस, म्हणजे विषावरचं इंजेक्शन, आल्यावर त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर ७० रुग्णांवर तुलना केली. प्रतिलस आणि प्राझोसिन मिळून दिलेले रुग्ण लवकर सावरले. ते काम २०११ मध्ये बीएमजेमध्ये (ब्रिटिश मेडिकल जर्नल) आलं. म्हणजे आपल्याच उपचारात भर घालता येते का, हे त्यांनी स्वतःच तपासून पाहिलं. मला हे सगळ्यांत मोठं वाटतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

निमाडातून फोन करणाऱ्यांसाठी: प्राझोसिन घरी ठेवून स्वतः घ्यायची गोळी नाही. विंचू चावला तर थेट दवाखाना.

मराठी नावं अजून आहेत: गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याची पद्धत देणारे डॉ. वि. ना. शिरोडकर, कर्करोगाचे डॉ. वसंत खानोलकर. बंग दांपत्यासाठी प्रश्न ७ पाहा.

७. डॉ. राणी आणि अभय बंग समाजसेवक आहेत की संशोधक?

दोन्ही. गडचिरोलीत त्यांनी आधी मोजलं, मग उपाय शोधला. १९८९ मध्ये राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी छापली. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के. तोवर 'स्त्रियांचं आरोग्य' म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं.

मग नवजात बाळं. दवाखाना दूर, म्हणून गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाला उबेत कसं ठेवायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, गरज पडल्यास प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं. पुष्कळ तज्ज्ञांना हे धाडसाचं वाटलं. ३९ गावांतला निकाल १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला: शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी.

निरक्षर सुईणींना न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी केलेलं श्वास मोजायचं साधन मी वर्गात चित्र काढून दाखवत असे. मणी ओवलेली चौकट आणि एका मिनिटाची वाळूची घडी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आलं की झालं. आज तुमच्या सुनेच्या बाळंतपणानंतर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येते, वजन करते, ती पद्धत २०११ पासून देशभर लागू झाली. तिच्या मुळाशी हीच गावं आहेत.

८. ओआरएस म्हणजे नुसतं मीठ-साखरेचं पाणी. त्यात संशोधन कसलं?

मीठ नुसतं दिलं तर जुलाबात ते आतड्यात पुरेसं शोषलं जात नाही. ग्लुकोज सोबत असलं की सोडियम त्याच्याबरोबर आत शिरतं आणि पाणी मागोमाग जातं. पटकीत (कॉलऱ्यात) ही वाट शाबूत असते, हे कळायला अनेकांचं काम लागलं. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा वळसा बांधून त्यात जंतू काढून टाकलेला द्राव सोडला, तरी आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे पाणी ओढून घेतं ते जंतूचं विष. हे १९५९ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं. एवढ्या मोठ्या कामाचा त्यांच्या हयातीत देशात म्हणावा तसा मान झाला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीत आधी जवळजवळ ३० टक्के मृत्यू होत होते, ते त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. बाळाच्या तोंडात चमच्याने पाणी घालणारी ती आई किंवा मावशी त्या दिवसांत नर्स झाली होती. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं.

९. ओआरएसऐवजी मेडिकलवर डब्यात मिळणारं गोड पेय चालेल का?

नाही. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या. एका लिटरला एकूण साडेवीस ग्रॅम पावडर, त्यात ग्लुकोज साडेतेरा. जास्त साखरेच्या पेयाने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. आणि पाकीट फोडलं की पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं. अर्ध्या पेल्यात चिमूटभर, असं नको.

१०. आनंदीबाई जोशींना संशोधक म्हणता येईल?

त्यांनी १८८६ मध्ये एम.डी.साठी आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. रुग्णसेवाही सुरू करता आली नाही. मी त्यांना संशोधक म्हणत नाही, आणि त्यांची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही.

११. देशातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ मुंबईचं की कलकत्त्याचं?

कलकत्त्याला डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी झाली. जगातल्या पहिल्या अशा बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, खिल्ली उडवली. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूच्या कामातून बाळ जन्मलं. त्याची शास्त्रीय नोंद चोख होती, म्हणून अनेक वर्षं तेच पहिलं मानलं गेलं. पुढे आनंदकुमारांनीच मुखोपाध्यायांची टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या नावावरचा मान स्वतःच्या हाताने दुसऱ्याला द्यायचा, हे किती जणांना जमेल?

१२. आमच्या घरी पिढीजात औषध आहे, सगळ्यांना गुण येतो. हे संशोधन नाही का?

अजून नाही. किती जणांना दिलं, किती बरे झाले, किती परत आलेच नाहीत, हे लिहिलेलं हवं. न आलेला रुग्ण बरा झाला असं आपण धरून चालतो, तिथेच फसतो.

मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड फार मोठे विद्वान. कडू कवठाच्या तेलाने त्यांनी कुष्ठरोग्यांवर उपचार केले, पण औषध गुपित ठेवलं. १८७४ मध्ये ते गेले आणि त्यांचा अनुभव इतरांना पडताळता आला नाही. याउलट डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आकड्यांसकट मांडला, आणि आपल्या वैद्यांची ती मुळी जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचली.

१३. डॉक्टरांनी एका कागदावर सही मागितली, 'नवीन औषध आहे, फुकट मिळेल' म्हणाले. करू का?

नकार दिल्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. मग विचारा: ही चाचणी आहे का? तिचा सीटीआरआय (देशातल्या औषध-चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि कुणालाही पाहता येते. कुठल्या एथिक्स कमिटीने (रुग्णांच्या हितासाठी चाचणी तपासणारी समिती) मंजुरी दिली? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. घरी नेऊन वाचा. मध्येच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे.

आपल्या शहराला हे जरा जास्तच लागू आहे. इथल्या औषध-चाचण्यांत रुग्णांना पुरतं सांगितलं गेलं नाही, अशा तक्रारी झाल्या आणि इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यानंतर २०१३ मध्ये भरपाईचे आणि एथिक्स कमिट्यांच्या नोंदणीचे नियम आले, २०१९ मध्ये नवे एकत्रित नियम. आज देशात कुठेही चाचणीत भाग घेणाऱ्याला जे संरक्षण मिळतं, त्यात इंदूरच्या रुग्णांचा वाटा आहे.

१४. काहींना औषध द्यायचं आणि काहींना नाही, हा अन्याय नाही का?

कधी असतो, कधी नसतो. उपाय लागू पडतो की नाही हे खरंच माहीत नसेल, तर तुलनेशिवाय कळणार नाही, आणि न तपासलेलं औषध सर्वांना देणं हाही अन्यायच.

१९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांच्या चमूने तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ, एकात साधं. पाच वर्षांनी पहिल्या दोन भागांत गलगंड बराच उतरला, तिसऱ्यात होता तिथेच. मग तिसऱ्या भागालाही आयोडीनचं मीठ दिलं. स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठाला या कामाचा भक्कम आधार मिळाला. पण ती पाच वर्षं साधं मीठ खाल्लेल्या घरांचा विचार मी सोडू शकत नाही. आज आयोडीनबाबत तसा गट ठेवायला परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

१५. मॅडम, मी एमबीबीएस सेकंड इयरला आहे. सुरुवात कुठून करू?

ओपीडीतल्या एका प्रश्नापासून. मोठा विषय घेऊ नकोस. 'आमच्या ओपीडीत टीबीचे रुग्ण किती दिवस खोकून मग येतात?' एवढा पुरे. गाइड शोध, एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे, मग माहिती गोळा कर. उलटं केलंस तर छापता येणार नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, तिला अर्ज कर. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नकोस.

१६. आमचे आजोबा जुन्या इंदुरात डॉक्टर होते. त्यांच्या वह्या माळ्यावर आहेत. काय करू?

रद्दीत घालू नका, एवढं हात जोडून सांगते. माझ्या वडिलांचा दवाखाना रामबागेत होता. त्यांची रजिस्टरं माझ्याकडे आहेत: लाल कापडी पुठ्ठा, शाईच्या पेनाने आखलेले रकाने, तारीख, नाव, वय, मोहल्ला, आजार. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या पानावर ते आजारवार बेरीज मांडत. त्यात 'देवी' असा एक रकाना होता. देशातून देवी गेल्यावरही पुढची दोन वर्षं त्यांनी तो रकाना आखला आणि दर महिन्याला त्यात शून्य लिहिलं. नंतरच्या वहीत तो नाही.

अशा वह्यांतून कुठल्या मोहल्ल्यात हगवण कधी वाढली, पाण्याची नवी लाइन आल्यावर कमी झाली का, हे काढता येतं. वह्या कोरड्या जागी ठेवा, पानं प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या. त्यात रुग्णांची नावं आहेत, म्हणून ते फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम विभागात कुणी त्यावर काम करायला तयार असेल, तर नावं झाकून कसं द्यायचं ते आपण बसून ठरवू. रविवारी व्याख्यानाला येताना एक वही पिशवीत घालून आणा. बाकीच्या माळ्यावरच राहू द्या, मीच येऊन बघते.